विडा कोण देणार?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून एखादी गोष्ट लपवायची म्हणजे काय कष्ट पडतात, ते तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर गेले. सखाराम मास्तरही गेले. आता सांगायला हिंमत लागत नाही, म्हणून सांगतो आहे. माझ्याबद्दल काही बरं मत होण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

गोष्ट निजामी अमलातली, पोलीस ॲक्शनच्या बरीच आधीची. जालन्यात आमचं एक मराठी वाचनालय होतं. एक दिवाणखाना, थोडी कपाटं, बाहेर ओटा. मी मुन्सफ कोर्टात वकिली करायचो आणि वाचनालयाचा चिटणीस होतो. वर्षातून एकदा सभा भरे. तिला तहसिलीतून इजाजत लागे. आमच्या सभेत काहीही घडत नाही, याची तहसीलदारांना खात्री असल्यामुळं ती जल्दी मिळे.

त्या सभेत निवडणूक व्हायची, आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष जोडीनंच उभे राहत. पूर्वी एकदा दोघे दोन बाजूंचे निवडून आले होते. कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे, यावर वर्ष गेलं आणि एक पुस्तक बाहेर निघालं नाही. तेव्हापासून हा नियम. पडद्याआड दोन पितळी घागरी ठेवायच्या, एकेका जोडीची एकेक. सभासदानं आत जाऊन एक सुपारी टाकायची. एका सुपारीत माणसं दोन — हे नीट ध्यानात घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. आणि निकाल लागला की नव्या अध्यक्षानं भाषण करायचं, नव्या उपाध्यक्षानं प्रत्येक सभासदाला आपल्या हातानं विडा द्यायचा. दोन्हींत विडा बरा असे.

कित्येक वर्षं कापसाच्या जिनचे मालक असलेले एक शेठच अध्यक्ष होते. त्यांनी वाचनालयाला स्वतःची भलीमोठी तसबीर दिली होती. पुस्तक दिल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या जोडीला कोर्टातले एक निवृत्त पेशकार. ते वाचनालयातही असे बसत, की आत येणाऱ्याला आपण आरोपी असल्यासारखं वाटे. त्या वर्षी त्यांच्याविरुद्ध डॉक्टर विनायकराव उभे राहिले. ज्या घरात डॉक्टरांचं औषध गेलं नाही असं घर गावात नव्हतं. आता शेठ संपले, असं सगळेच म्हणत.

प्रश्न होता — जोडीला कोण?

मला वाटलं, मी. दुसरा होताच कोण? डॉक्टरांसाठी दारोदार मी हिंडत होतो. तशी हारांची, खुर्च्यांची, तसबिरींची टिंगल करण्यात माझी हयात गेलेली. पण त्या आठवड्यात मी नारायणशेठच्या दुकानातून कापड आणलं आणि नवा कोट शिवायला टाकला. हसा. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणी टाकला असता तर.

डॉक्टर स्वतः घरी आले. म्हणाले, "सखाराम मास्तरांना घेतोय जोडीला. तुम्हाला विचारलं न्हाई म्हणून रागावला तर न्हाई ना? तुम्ही आपलेच. आपल्या माणसाला काय विचारायचं?"

"बिलकुल नाही," मी म्हणालो.

सखाराम मास्तर महारवाड्यातले. शिकून मिशनच्या शाळेत मास्तर झालेले. डॉक्टरांनीच कुरकूर सोसून त्यांना सभासद करून घेतलं होतं. पण सभासद म्हणजे कसे? वर्तमानपत्र ओट्यावर वाचायचं. पुस्तक खिडकीतून घ्यायचं. त्यांच्या शाळेतली पोरं तर ओट्याच्या पायऱ्यांवर बसून मास्तर जे वाचून दाखवतील ते ऐकत. हे कुठल्या नियमात नव्हतं. पण खिडकीतून पुस्तक कोण देत असे? मीच. डॉक्टरांचा हिशेब सरळ होता: मास्तर उपाध्यक्षाच्या खुर्चीत बसले, की त्यांच्या पोरांना दिवाणखान्याबाहेर कोण ठेवणार?

नाव जाहीर झालं आणि मी एक गंमत पाहिली. सखाराम मास्तर कोण, ही चर्चा लोकांनी एक दिवस केली. त्यानंतर सगळे डॉक्टरांकडेच नव्यानं पाहू लागले. इतकी वर्षं नाडी धरणारा माणूस — पण शेजारी कुणाला उभं केलं ते कळल्यावर लोकांना वाटलं, अरे, हा असा आहे होय! काहींना तो जास्त आवडला. काही कुरकुरले. पण कुरकुरत का होईना, सुपारी डॉक्टरांनाच टाकायची असं बहुतेकांचं चाललं होतं. चिटणीस म्हणून मला ते कळत होतं. आणि — आता लिहितोच आहे तर — ते मला सोसत नव्हतं.

एके सकाळी सखाराम मास्तर खिडकीशी आले.

"वकीलसाहेब, एक काम होतं. इडा मी हातानं देनार न्हाई. ताटात मांडून ठेवू, ज्याचा त्यानं उचलावा. डॉक्टरसाहेब नकोच म्हनून राह्यले. म्हनले, हातानंच द्या. मी मनवलं त्यांना. इड्यावाचून माझं काही अडत न्हाई. पोरं आत बसली पाहिजेत, बाकीचं मंग बघू." मग म्हणाले, "तुम्ही चिटनीस. तुमच्या तोंडून सभासदांच्या कानावर गेलं तर बराबर होईल."

असं बोलायला त्या माणसाला आतून काय काय गिळावं लागलं असेल? मला ते तेव्हाही दिसलं होतं. न दिसण्याइतका मी मठ्ठ नव्हतो.

"सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी नारायणशेठच्या कापडदुकानात गेलो. सभासदांचा अड्डा तिथंच. खरंच सांगायला गेलो होतो का? मला वाटतं, हो. पण मला त्यावेळी काय वाटत होतं, याला आता काय किंमत?

गादीवर टेकतो तोच नारायणशेठ म्हणाले, "या वकीलसाब! कोट आला का शिवून? कापड तर लई भारी नेल्तं!"

"आता घालनार कुठं?" दुसरा म्हणाला.

"ओट्यावर!" तिसरा म्हणाला, आणि अख्खं दुकान हसलं.

मीही हसलो. आणि मग म्हणालो —

हेच ते. इथवर यायला मला इतकी पानं लागली.

म्हणालो, "येणार डॉक्टरच. फक्त विडा कोण देणार, तेवढं बघायचं."

हसणं थांबलं. नारायणशेठनी हातातला गज खाली ठेवला. "उपाध्यक्षच देनार ना?"

"रिवाज आहे," मी म्हणालो. "आणि रिवाज मोडायचा नाही, विडा हातानंच देणार, असा मास्तरांचा आग्रह आहे."

ताटाचं बोललोच नाही. एवढंच. पुढचं काम मला करावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी माझंच वाक्य मला कोर्टाच्या आवारात परत ऐकू आलं, तेही चांगलं पोसून: मास्तर म्हणतो, जो विडा घेणार नाही त्याचं नाव सभासदांतून काढू.

तरीही मला वाट होती. सभेच्या आदल्या दिवशी नारायणशेठ मुद्दाम घरी आले. बसले नाहीत.

"वकीलसाब, डॉक्टर देवमानूस आहे. माझं पोरगं हातचं गेल्तं, त्यानं परत आनलं. त्याला सोडून शेठला सुपारी टाकू कसा? पर इडा न्हाई घेतला तर चारचौघात त्या मास्तरचा अपमान, अन् घेतला तर माय मला चुलीपाशी येऊ देत न्हाई. काहीतरी तोड काढा ना तुम्ही!"

तोड माझ्या खिशात होती. नवी काढायचीही नव्हती. एक वाक्य — विडे ताटात असतील, शेठ. तो माणूस ते वाक्य मागायला भर उन्हात चालत आला होता. डॉक्टरांना मत देण्याची सबब मागत होता, तुमच्या लक्षात येतंय ना?

मी म्हणालो, "ज्याचं मत त्याचं, शेठ. मी चिटणीस. मला कुणाच्या बाजूनं बोलता येत नाही."

दुकानात जे झालं ते रागात झालं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. दारात उभ्या नारायणशेठला जे उत्तर दिलं, त्यात राग नव्हता. मी अगदी शांत होतो.

सभा झाली. घागरी सतरंजीवर पालथ्या केल्या. डॉक्टरांच्या घागरीचा आवाज लवकर थांबला. शेठच्या घागरीतून सुपाऱ्या पडतच राहिल्या. शेठनी आपल्याच तसबिरीखाली उभं राहून भाषण केलं. पेशकारांनी विडे दिले. मीही हात पुढं केला, विडा घेतला, खाल्ला. डॉक्टर शेठना नमस्कार करून निघून गेले. सखाराम मास्तर सभाभर ओट्यावर उभे होते. ते उमेदवार होते, तरी आत या असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

पुढं काही दिवसांनी ते खिडकीशी आले. घरी नेलेलं पुस्तक परत करायचं होतं. पुस्तक त्यांनी चौकटीवर ठेवलं, पण हात उचलला नाही.

"वकीलसाहेब, एक इचारू? ताटाचं तुम्ही सांगितलं होतं ना लोकांला?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं," मी म्हणालो.

"सगळ्यांला?"

"सगळ्यांना."

त्यांनी मान हलवली. "मंग झालं. ताटातलासुद्धा चालत न्हाई म्हनल्यावर बोलायचं काय? मला वाटलं होतं, नारायणशेठसारखे चार लोक तरी…" त्यांनी पुस्तकावरचा हात काढून घेतला. "तुम्हाला उगीच तरास दिला."

ते पुन्हा वाचनालयात आले नाहीत. पोरंही पायऱ्यांवर बसायची थांबली. डॉक्टर परत उभे राहिले नाहीत. आपण मास्तरांना जोडीला घेतलं म्हणून त्यांची बेइज्जती झाली, असं डॉक्टर शेवटपर्यंत म्हणत, आणि मी ऐकून घेई.

सांगितलं असतं तर सुपाऱ्या कशा पडल्या असत्या? मला माहीत नाही. कदाचित गावानं तेही नाकारलं असतं. पण गावाला ते कुणी विचारलंच नाही. सखाराम मास्तर मात्र मरेपर्यंत हेच समजत राहिले, की गावाला विचारलं होतं आणि गाव नाही म्हणालं.