अकरा महिन्यांचे मालक

आमच्या मालकांचं वर्ष अकरा महिन्यांचं होतं. बारावा महिना त्यांच्या कॅलेंडरात असे, तो केवळ चतुर्थी बघण्यापुरता.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत त्यांच्या सहा खोल्या होत्या, भूकंपानंतर स्लॅबच्या धास्तीनं पत्रे टाकलेल्या. बारावीला मी जळकोटहून येऊन त्यातल्या एकीत पडलो. भाड्याचा नवा कायदा नुकताच आला होता आणि मालकांनी तो पेपरातून कापून दारावर चिकटवला होता. शेजारच्या वकिलांना अर्थ विचारावा, एवढा कमीपणा घेणारे ते नव्हते; सलग बारा महिने राहिलेला भाडेकरू मग हलवता येत नाही, असा अर्थ त्यांनी स्वतःच लावला होता. "भूकंपानं घर पडतंय, भाडेकरूनं घर जातंय. पडलेलं बांधता तरी येतंय," हे ते प्रत्येक नव्या पोराला गादी उलगडायच्या आत ऐकवत. त्यांचं गावाकडचं घर खरंच पडलं होतं आणि थोरल्या भावाचं घर एक जुना भाडेकरू धरून बसला होता. त्यामुळे दोन्ही विषयांत त्यांचा अधिकार मोठा.

अकरा महिने भरले की खोली एक दिवस रिकामी. गादी, स्टोव्ह, पुस्तकं, देवाचा फोटोसुद्धा अंगणात. मालक स्वतःचं कुलूप लावत, दोन शेजारी साक्षीला बोलवत आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोराला, "नाव काय तुमचं? गाव कोणतं?" असं विचारून नवा करार करत. कुणी हसलं की म्हणत, "हसू नका, कायदा हाय."

माझे अकरा महिने भरले ते नेमके केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी. "मालक, दोन दिवस थांबा. हा पेपर गेला तर मेडिकल गेलं," मी हातापाया पडलो.

"तुला सोडलं तर उद्या समदेच पेपर हाय म्हणतेल," म्हणत त्यांनी माझी पुस्तकं उचलली. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

कुलूप लागलं. साक्षीदार चहा पिऊन गेले. मग मालकांनी माझी गादी डोक्यावर घेतली आणि थेट स्वतःच्या खोलीत नेऊन टाकली. "भाडेकरू गेला. आता तू पाव्हणा हायस. पाव्हण्याला कायदा न्हाई. बस वाचत." मला ठसका लागेल म्हणून त्या दिवशी काकूंना फोडणी घालू दिली नाही. स्वतः दारात खुर्ची टाकून बसले आणि भाजीवाल्यानं ओरडू नये म्हणून त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत राहिले.

पेपर चांगला गेला. नांदेडला मेडिकलला नंबर लागला. पेढे घेऊन गेलो तर मालकांनी आधी किल्ली मागितली, कुलपाला लावून पाहिली आणि मग पेढा हातात तसाच धरून ढसाढसा रडले. त्या शिव्यांची माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. पण त्यांना तसं बघून नुसता पाया पडलो आणि गाडीचं निमित्त सांगून निघालो. दोन वर्षांनी मालक गेले. माफी मागायची राहिली ती राहिलीच.