खुडलेले शेंडे

वैनीचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. तास चालू असताना फोन घ्यायचा नाही हा माझा नेम, पण गेल्या वर्षभरात वैनीचा फोन मी एकदाही टाळला नव्हता. तिचा आवाज घाबरलेला नव्हता, उलट फार शांत होता. "वन्सं, हे गेले," एवढंच म्हणाली. मी चटकन विचारलं, "कुणीकडं?" खरं तर दादा कितीतरी दिवस अंथरुणाला खिळलेला होता, उठून कुठं जाणं त्याला शक्यच नव्हतं. पण आमच्या घरात 'गेले' म्हणजे न सांगता कुठंतरी निघून गेले, असाच अर्थ रुळला होता... मग उमगलं. हातातला खडू मी तसाच खाली ठेवला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे कऱ्हाटीचे. दादा एसटीत चालक होता, सगळी नोकरी बारामतीत काढली आणि निवृत्त झाल्यावर तिथंच, जळोचीच्या कडेला घर बांधलं. पुढं डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना नवे बंगले आणि मागं थेट ऊस. डेलियाचं वेड त्याला नोकरीत असतानाच लागलं. मुक्कामाच्या ड्युटीला महाबळेश्वरला गेला होता, तिथल्या एका माळ्यानं त्याला चार कंद दिले. ते त्यानं खाकी शर्टात गुंडाळून, केबिनमध्ये पायापाशी ठेवून आणले. बारामतीच्या उन्हात ही थंड हवेची झाडं कसली जगतात, असं सगळे म्हणाले. ती जगली. पुढं दर थंडीत त्याच्या अंगणात बशीएवढाली लाल, पिवळी, जांभळी फुलं डोलायला लागली. सहा डिसेंबरला विहारात बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं सगळ्यांचा झेंडू असायचा. दादाचे मात्र डेलिया असायचे, आणि ते स्वतःच्या हातानं ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, ते मी दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी पाहिलं नाही.

शेंडा खुडायला त्यानंच मला शिकवलं. माझ्या कुंडीतलं झाड सरळसोट उंच गेलं होतं आणि वर एकच फूल मान टाकून लोंबत होतं. ते बघून तो हसला. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मुद्दाम इंदापूरला आला. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या होत्या. अंगठा आणि बोटाच्या नखात मधला कोवळा कोंब धरून त्यानं तो टचकन तोडला. माझ्या तोंडून "अगं आई गं" निघून गेलं. तो म्हणाला, "सुमे, अगं त्याला काय बी होत न्हाय. वरची वाट बंद केली की ते बाजूनं फुटतं. बघ, आता प्रत्येक पानाच्या बेचक्यातनं फांदी येती का न्हाय." आणि उठताना हात झटकत म्हणाला, "फकस्त एक ध्यानात ठेव. फांद्यांचे शेंडे फार तर आणखी एकदा खुडायचे, मग हात आवरायचा. न्हायतर फुलायला सवडच मिळत न्हाय त्याला." त्या वर्षी माझ्या एका झाडाला इतकी फुलं आली की शेजारणी बघायला आल्या.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबर संपत आला होता, मी सहज रविवारी जळोचीला गेले. अंगणात शिरले आणि काहीतरी खटकलं. झाडं कधी नव्हती इतकी दाट झाली होती, काळपट हिरवी, एकाला एक लागून. पण एकाही झाडावर कळी नव्हती. दादा उकिडवा बसून शेंडे खुडत होता. पायापाशी कोवळ्या कोंबांचा ढीग पडला होता, काही ताजे, काही सुकलेले, काही पार काळे पडलेले. मी म्हटलं, "दादा, आता कशाला खुडतोयस? कळ्या कवा येणार?" त्यानं वर बघितलं. "आत्ता तर पहिल्यांदा खुडतोय की," म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला. वैनी चहा घेऊन दारात उभी होती. आमची नजरानजर झाली आणि तिनं मान खाली घातली. हे तिला कधीपासूनच माहीत होतं... रोज सकाळी तो अंगणात जायचा आणि रोज त्याला वाटायचं की रोपं नुकतीच वर आली आहेत.

त्या सहा डिसेंबरला त्यानं बाजारातून झेंडू नेला. "औंदा थंडीच न्हाय पडली," असं विहारात सगळ्यांना सांगत होता. लोकांनी माना डोलावल्या. बाहेर आम्ही स्वेटर घालून उभ्या होतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो एकटाच माझ्या दारात उभा राहिला. घामानं डबडबलेला, हातात गाडीची किल्ली. "पाणी दे. स्टँडात जागा न्हाय, गाडी भाईर लावलीय," म्हणाला. त्या दिवशी तो आणि वैनी गाडीनं भिगवणला लग्नाला जाणार होते, हे मला माहीत होतं. "वैनी कुठाय?" मी विचारलं. त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं अगदी सभ्यपणे, परक्या बाईकडं बघावं तसं बघत म्हणाला, "कोण वैनी?"  मी रिक्षा केली, त्याला शेजारी बसवलं आणि सोलापूर रस्त्यानं भिगवणच्या दिशेनं शोधत निघाले. गाव मागं पडल्यावर गाडी दिसली. अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली. शेजारून ट्रक गेला की सगळी हलायची. आत वैनी ताठ बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी दार उघडून ओरडलेच, "उतरायचं न्हाय का? ट्रकनं चिरडलं असतं की!" ती म्हणाली, "मी उतरले असते अन् हे परत आले असते, तर मला कुठं शोधलं असतं त्यांनी?"

मग पुण्याच्या डॉक्टरांकडं गेलो. स्मृतिभ्रंश हा शब्द तिथं पहिल्यांदा कानावर पडला. हे वाढतच जाणार, असं त्यांनी सांगितलं. दादाचा मुलगा, माझा भाचा अमित बंगळूरहून आला आणि गाडी विकून टाकली. ज्या माणसानं उभी हयात स्टिअरिंगवर काढली, तो रोज सकाळी रिकाम्या जागेपुढं उभा राहून विचारायचा, "गाडी कुणी नेली?" पहिल्यांदा रागानं, मग नुसताच.

या थंडीत मात्र वैनीनं एक गोष्ट केली. निम्मे कंद तिनं गुपचूप कुंड्यांत लावले आणि कुंड्या गच्चीवर नेऊन जिन्याला कुलूप घातलं. खालची झाडं ह्यांना, वरची फुलायला, असं मला म्हणाली. वरच्या रोपांचे शेंडे तिनं एकदाच खुडले आणि हात आवरला. डिसेंबरात गच्ची पेटल्यासारखी दिसत होती. दादाला आम्ही दोघी धरून वर घेऊन गेलो. तो एकेका फुलापुढं थांबत गेला. शेवटी म्हणाला, "कुणी लावलीत? माणूस जाणता हाय." वैनी म्हणाली, "हाय एकजण." आणि तोंड फिरवून कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिथून मागचा ऊस दिसत होता. तो आता दोन पुरुष उंच झाला होता, वारा आला की सगळा एकदम खसखसायचा. बिबट्या दिसल्याच्या बातम्या रोज येत होत्या. मला तो ऊस तेव्हाच बघवेना.

जानेवारीतल्या एका दुपारी, वैनी कपडे वाळत घालत असताना, दादा मागच्या बाजूनं उसात शिरला. आत गेल्यावर सगळ्या सऱ्या सारख्याच. वैनीचा फोन आला तशी मी पोचले, अंधार पडेपर्यंत आम्ही बांधाबांधानं हाका मारल्या. शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टरचे दिवे लावून भोंगा वाजवला, पोलीस आले. आतून फक्त पाचटाचा आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाज तोच आहे असं वाटायचं. सकाळी ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईला तो सापडला. सरीत पाणी सोडलेलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडावर, हातांवर पात्यांनी कापल्याच्या रेघा. मला बघून म्हणाला, "लई गर्दी हाय. गाडी काढायला वाटच न्हाय." अंग तापानं भाजत होतं.

न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणला, पण तो उठला नाही. बोलणं थांबलं. फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि बोट पांघरुणाच्या काठाला चिमटे घेत राहायचे, हळूहळू, न थकता. डॉक्टर म्हणाले, शेवटाकडं अशी हालचाल होते कधी कधी. वैनी उठली. गच्चीवरून एक कोवळा शेंडा घेऊन आली आणि त्याच्या बोटांत दिला. चिमटे थांबले. मुठीत तो शेंडा धरून दादा बराच वेळ निजला...

परवा मी जळोचीला गेले होते. मागचा ऊस तुटून गेलाय, पार लांबचं दिसतं. मी ओसरीत बसले होते, वैनी आत भाकरी थापत होती. बोलता बोलता थांबली आणि आतूनच तिनं हाक दिली, "अहो..." गेली दोन वर्षं काम करताना दर थोड्या वेळानं ती अशी हाक द्यायची, आणि अंगणातून उत्तर यायचं, "हाय, हाय हितंच." उत्तर आलं की तिचे हात पुन्हा चालू व्हायचे. त्याला बाकी सगळ्याचा विसर पडला, अगदी तिच्या नावाचासुद्धा, पण बोलणं थांबेपर्यंत या हाकेला ओ द्यायला तो कधी विसरला नाही.

परातीतला आवाज थांबला होता. अंगण गप्प होतं. मी उठून आत जावं की न जावं, या विचारात बसून राहिले. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.