मुठीतलं आम्ल

टिक्, टिक्, टिक्. बाटलीच्या नळीतली पोलादी गोळी जिभेने ढकलत उंदीर पाणी पितात, त्याचा हा आवाज. अमरावतीच्या आमच्या प्राणिगृहात निरोगी उंदरांकडून तो अधूनमधून येतो. मधुमेह जडवलेल्यांच्या पिंजऱ्यांतून मात्र थांबतच नाही. केवढी ही तहान, आणि तीही आम्ही मुद्दाम औषध टोचून दिलेली! ओल्या तुसाचा आंबूस वास साडीला चिकटून माझ्याबरोबर घरी येतो.

मधुमेहात रक्तात लॅक्टिक आम्ल का साचतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. धावणाऱ्याच्या पोटऱ्यांत भरतं आणि विसाव्याने ओसरतं, तेच हे आम्ल. पण थकल्या देहात साचून राहिलं तर धाप लागते, जिवावर बेततं. मध्यंतरी माझे निरोगी उंदीरही आजारी ठरू लागले. शेपटीतून काढलेल्या थेंबाथेंबात आम्ल चढलेलं. मी यंत्र बदललं, रसायनं बदलली, सगळ्यांवर चिडले. चांदूर रेल्वेहून रोज येऊन पिंजरे सांभाळणाऱ्या वनमालाबाई तूस बदलता बदलता म्हणाल्या, "म्याडम, तुमचा हात भेऊन राह्यला. उंदराले समजते ते." मी ते हसण्यावारी नेलं. धडपडणाऱ्या जिवाचं आम्ल वाढतं, हे तर मीच वर्गात शिकवते. पण घाईच्या माणसाला स्वतःची शिकवण कुठे आठवते?

मग अकोल्याहून शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा तिथे एकटे राहतात. वकिली सुटली, हट्ट सुटलेला नाही. दोन दिवस उलट्या, पोटात पाणी ठरत नाही, मूत्रपिंडं आधीच दमलेली, आणि मधुमेहाची गोळी मात्र नेमाने चालू! दमलेल्या मूत्रपिंडांना ती बाहेर टाकता येत नाही, आणि साचली की हेच आम्ल वाढवते. ज्या संकटाचे मी तक्ते मांडत होते, ते आमच्याच घरात येऊन बसलं होतं. दवाखान्यात पोचले तेव्हा पहिला अहवाल आला होता. आम्ल वाढलेलं. रक्त काढताना यांनी मूठ आवळली होती, त्यानेही आम्ल चढतं, पुन्हा घेऊन बघू, असं डॉक्टर म्हणाले. मी बाबांचा हात हातात घेतला आणि मूठ सैल सोडा, सैल सोडा, म्हणत राहिले.

"तूच तं दाबून धरली," ते क्षीण हसले. "भेऊन तू राह्यली, मी नाही."

खरंच, माझी बोटं त्यांच्या मुठीवर घट्ट रुतली होती. मी ती एकेक करून उचलली. बाबांचा तळवा उघडला. दुसऱ्या अहवालात आम्ल थोडंच वाढलेलं निघालं. सलाइन लागलं, गोळी बंद झाली, चौथ्या दिवशी ते चहात साखर नाही म्हणून कुरकुरू लागले.

परत आल्यावर मी महिन्याभराच्या नोंदी खोडून टाकल्या. त्यांत रोग किती आणि माझ्या हाताची भीती किती, हे आता कोण सांगणार? हल्ली रोज सकाळी सुई न घेता नुसताच हात पिंजऱ्यात ठेवून बसते. टिक्, टिक् चालू असतं. आज एक उंदीर पाणी सोडून आला, तळव्यात बसला आणि निवांत मिशा पुसू लागला. आता तो मला भीत नाही. उद्यापासून सुई घ्यायची आहे.