आबांच्या जीपचा आवाज

उंब्रजला मी रोज उतरतो त्या थांब्यासमोर, पत्र्याच्या शेडमध्ये, ती वर्षभर आपल्या वडिलांची जुनी जीप खोलून पुन्हा जोडत होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले आणि बोलण्याआधी हातातला पाना कपाळाला टेकवायची सवय. नाव मी कधी विचारलं नाही.

कराडजवळच्या माळावर जीपच्या शर्यती होणार होत्या आणि तिला त्यात उतरायचं होतं. मिस्त्री रोज तिचं डोकं खायचा, "ताई, ह्ये इंजिन काढा. दुसरं बसवू, लय पळंल." ती काही ऐकायची नाही.

शेवटी मलाच राहवलं नाही. "अहो, हरायचंच असेल तर एवढा खटाटोप कशाला?"

पाना कपाळाला टेकला. "आबांची नजर गेलीय. आवाज बदलला तर आपली गाडी आली, ह्ये त्यास्नी कळायचं कसं?"

शर्यतीला मी मुद्दाम गेलो. आबा दोरीपाशी खुर्चीवर बसले होते. पहिल्या फेरीत धुरळा उडवत सगळ्या गाड्या एकदमच गेल्या. आबा नुसतेच मान वळवत राहिले.

दुसऱ्या फेरीत ती चांगलीच मागं पडली. बाकीच्या गाड्या टेकाडापलीकडं गेल्या, माळ शांत झाला आणि ती जीप एकटीच खोकत आली. आबा काठी टाकून उभे राहिले. "आली! आमची आली!"

ती शेवटची आली. सोमवारी मी हळहळलो, "शेवटी इंजिनानं दगा दिलाच!"

"इंजिन कशाला दगा दील? पयल्या फेरीत तिसरी व्हते मी," ती म्हणाली. "पर त्या गलक्यात आबांस्नी काय ऐकू येणार?"