राखणदाराच्या नावाचं खातं

हे अजून कुणाच्याही कानावर गेलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, पाठच्या बहिणीच्या नाही. देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा एवढा भाग मी गाळते. तुम्ही उद्या आमच्याकडे मुक्कामाला आलात, माझ्या हातचं जेवलात, तरी मला ओळखणार नाही — म्हणून तुम्हाला सांगता येतंय.

आमचं घर तोंडवलीला, सुरूच्या बनाला लागून. पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या तेव्हा बुकिंगसाठी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि ओटीवर ठेवला. घरात सगळ्यांना मिळून एकच मेल. नवरा ट्रॉलरवर तांडेल, बोट त्याच्या हुकमावर चालायची, तो बहुतेक वेळ दर्यातच. कॉम्प्युटरवर मी आणि मुलं. दिपा दहावीला, ओमकार पाचवीला. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, आसपास बघण्यासारखं काय आहे? ओमकारने परस्पर कळवून टाकलं, 'मागच्या बनात राखणदार आहे. काठी आपटत फिरतो. आलात तर दाखवीन.' बाई आल्या नाहीत. मी त्याला एक धपाटा घातला आणि दोघांना वेगवेगळे मेल काढून दिले. पासवर्ड मीच ठरवले. आईने नाही तर कुणी ठरवायचे?

राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा. बनाच्या टोकाला त्याचा दगड आहे. वर्षातून एकदा तिथे नारळ आणि चामड्याच्या कोऱ्या वहाणा ठेवतात. पुढच्या वर्षी त्या उचलून बघाव्या, तर टाचा झिजलेल्या असतात. मी कुडाळकडची, लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला हसू फुटलं होतं. सासूने वहाण उलटी करून माझ्यापुढे धरली. त्यानंतर मी नाही हसले.

तरीही त्याचं नाव मी घेतलं.

सुरुवात अगदी साधी होती. ओमकार खाडीच्या तोंडाशी पोहायला जायचा. तिथलं पाणी आत ओढतं. सांगून झालं, मारून झालं, पोरगा ऐकेना. मग मी अजून एक खातं उघडलं. नाव दिलं — राखणदार. त्यावरून त्याला दोन वाक्यं पाठवली: 'खाडीच्या तोंडाक परत गेलंस तर बघ. मी थंयच आसतंय.' पोरगा पांढराफटक पडला. पुन्हा गेला नाही. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. तिथेच ते खातं बंद केलं असतं, तर आज ही गोष्ट मी पाहुण्यांना जेवताना मजा म्हणून सांगितली असती.

बंद केलं नाही. उलट मुलांचे मेलही उघडून बघायला लागले. चटक लागते हो. भाजी शिजत टाकायची आणि ओटीवर जाऊन दिपाचं खातं उघडायचं. मैत्रिणींचे चिमटे, मास्तरांच्या नकला. आणि एक दिवस, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली तिची ती मालवणी ओळ. दहावीनंतर ती रत्नागिरीला मामाकडे राहून शिकणार होती. 'हंय रवलंय तर आयेसारखी होयन.' इथे राहिली तर आईसारखी होईल म्हणे.

आयेसारखी. म्हणजे कशी? — हे मी तिला विचारू शकत नव्हते. विचारलं असतं तर मी वाचते हे उघड झालं असतं. मला राग आला. नाही, राग नव्हता तो. नवरा दर्यात, ओमकारही उद्या जाईल, मग या बनाच्या कडेला मी एकटी — त्याची भीती होती. तोंडाने मात्र मी तिला जा म्हटलं. नवी बॅग घेतली. रव्याचे लाडू वळले. मामाला फोन करून सांगितलं, पोरीला जप. तोंडावर मी इतकी चांगली होते, की तिने आनंदाने माझ्या गळ्यात हात टाकले.

आणि तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मी ओटीवर बसून राखणदाराच्या खात्यावरून तिला लिहिलं. 'आयेसारखी होयन म्हणान लिवलंस, ता माका म्हायत आसा. तू गावाची शीम ओलांडलंस, तर तुझ्या बापाशीक दर्यात मी राखूचंय नाय.'

पोरीचा चेहरा उतरला. जेवली नाही. काय झालं, ते मी विचारलं नाही. तरी गेली ती. एवढी धीराची होती माझी दिपा, हे तेव्हा कळलं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, बोटी सुटल्या होत्या. ती गेली आणि वारा फिरला. एकेक बोट परत आली, आमची नाही. सारा गाव किनाऱ्यावर उभा. बायका मला धरून होत्या, आणि माझ्या डोक्यात फक्त ते वाक्य. ते मी लिहिलं होतं, की माझ्याकडून कुणी लिहवून घेतलं? मी घरी धावत आले, कॉम्प्युटर लावला, पाठवलेले मेल उघडून पाहिले. माझंच होतं. बाहेर बनात काहीतरी ठक, ठक वाजत होतं. वाऱ्याने फांदी आपटत असेल. मी बघायला गेले नाही.

बोटीचं कळलं तशी दुसऱ्या दिवशी दिपा एसटीने परत आली. घरात शिरलीच नाही. बॅग खांद्याला तशीच, सरळ दगडाकडे गेली आणि तिथे डोकं टेकून बसली. त्याच संध्याकाळी निरोप आला. इंजिन बंद पडलेलं, बोट देवगडच्या बंदरात ओढून आणली होती, माणसं सुखरूप. दिपा उठली, माझ्याकडे आली. "आये, मी आता खंय जावचंय नाय," म्हणाली.

सांगायचं होतं ते तेव्हा. मी काय म्हटलं? "बरां केलंस गो बाय." आणि तिला कवटाळलं. मला आनंद झाला होता. नवरा वाचला त्याचा होता, आणि तेवढाच ती परतली त्याचाही.

नंतर सांगायला भीती वाटली. तिची नव्हे, राखणदाराची. नाव त्याचं घेतलं होतं, आणि बोट तर खरोखरच अडकली होती.

तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. खातं माझ्या फोनवर आहे. दिपा आता खोल्या चालवते. गावाबाहेरचं स्थळ आलं की ऐकूनच घेत नाही. पाहुण्या बायका मला म्हणतात, नशीबवान आहात, मुलगी जवळ आहे. दगडापाशी वहाणा आता तीच ठेवते. परवा गेल्या वर्षीच्या उचलून घरी आणून दाखवल्या. टाचा झिजलेल्या. मी हात लावला नाही.

दर वर्षी बोटी सुटायच्या आधी त्या खात्यावर तिचा मेल येतो. 'मी हंयच आसंय. बाबांची राखण कर.' नवऱ्याचे गुडघे गेले, तो घरी बसला. ओमकार मोठ्या जहाजावर लागला — त्याला कुणी अडवलं नाही. मग मेलमध्ये बाबांच्या जागी ओमकारचं नाव आलं. मी वाचायचे. उत्तर कधी दिलं नव्हतं.

यंदाचा मेल आला तेव्हा ती मागल्या दारी पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती. मी खिडकीत होते. 'आये आता थकली. तिची राखण कर. मी खंय जावचंय नाय.'

सांगायचं ठरवून मी उठले. दारापर्यंत गेले. मग तिच्याशिवायचं घर डोळ्यांपुढे आलं, आणि मी परत खिडकीत येऊन बसले. फोन हातात घेतला. लिहिलं, 'बरां.' पाठवलं.

दोरीपाशी तिचा फोन वाजला. तिने ओले हात पुसले, वाचलं, आणि बनाकडे वळून हात जोडले. तिची पाठ माझ्याकडे होती.