शेवट हातात आल्याशिवाय

आर्लीन किविस्तोने उभं आयुष्य डुलुथमध्ये शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर माझ्या पुस्तकांच्या दुकानाची वाट लावायला घेतली. तिचा हेतू वाईट नव्हता. रोज सकाळी यायची, फुकटची कॉफी घ्यायची आणि ड्रॅगन, चेटकिणी, परग्रहावरची बंडं असल्या कादंबऱ्यांच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसायची. त्यातलं नवीन काय वाचावं हे गावात कोणी मला विचारत नसे. मी काय, नुसती मालकीण.

"हे घेऊ का हो?" एखादी पोरगी जाडजूड पुस्तक उचलून तिला विचारायची.

"किती भाग आहेत?"

"तीन. दुसरा पुढच्या वर्षी येणारेय."

"मग ठेव खाली. तिसरा छापून हातात आला की सुरू कर. ही लेखक मंडळी अर्ध्या रस्त्यात उतरवून देतात, बाई."

पोरगी निमूट पुस्तक ठेवायची आणि मी गल्ल्यामागून गोड हसायचे. आमच्याकडे तोंडावर कोणी वाकडं बोलत नाही.

आर्लीनचा राग जुना होता. तरुणपणी तिने नऊ खंडांची एक गाथा सुरू केली होती. सातव्या खंडात राजकुमार विहिरीत लटकत असताना लेखकाने लेखन सोडलं आणि लोकरीसाठी अल्पाका पाळायला घेतले. "माझे गुडघे गेले," ती म्हणायची, "त्या राजकुमाराचे हात कसे अजून सुटले नाहीत, देव जाणे!"

मग डेल ऑस्टबीचं पुस्तक आलं. डेल हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवतो. लहानपणी तो आर्लीनच्या बसमध्ये तिच्या मागच्याच सीटवर बसायचा आणि शाळा येईपर्यंत तिचं डोकं खायचा. त्याच्या 'मिठाची राणी'त गोठलेल्या सरोवराखाली एक राणी कैद असते आणि वर बर्फ काढणाऱ्या माणसाला तिच्या टकटकीचा आवाज येतो. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने काढलेलं पुस्तक, तीन भागांतला पहिला. मी एरवी पुस्तकांची मागची बाजू वाचूनच ती विकते. हे पूर्ण वाचलं आणि रडले.

प्रकाशनाच्या संध्याकाळी सगळं गाव लोटलं. आर्लीनने लिंबाच्या वड्या करून आणल्या. डेलने इस्त्रीचा शर्ट घालून, कान लाल होईस्तोवर वाचून दाखवलं. टाळ्या तर विचारू नका. मग एकेकाने येऊन त्याचा हात हातात घेतला.

"डेल, काय लिहितोस रे! तिसरा आला की तिन्ही एकदम घेणार बघ."

"आम्ही पण! अगदी पेटीत घालून मिळतात ना, तसे!"

आर्लीनने मात्र एक प्रत विकत घेतली, कारण पोरगं तिच्या बसमधलं. त्यावर त्याची सही घेतली आणि घरी नेऊन पिशवीसकट कपाटावर ठेवली. वड्या संपल्या. पुस्तकांचे गठ्ठे मी परत बांधले.

देशातल्या प्रत्येक दुकानात एकेक आर्लीन बसलेली असावी. हिवाळा सरून आमच्या गावच्या सरोवरावरचा बर्फ फुटायच्या सुमाराला प्रकाशकाने डेलला कळवलं की पहिला भाग खपला नाही, तेव्हा दुसरा आणि तिसरा काढत नाही. डेलने मला ते 'अमुक रस्ता बंद आहे' अशा आवाजात सांगितलं आणि गेला. मला भयंकर संताप आला.

"बघ, मी म्हणत नव्हते?" आर्लीन म्हणाली. "बरं झालं कोणी सुरू नाही केलं."

मी कॉफीचं भांडं उचललं आणि सगळी कॉफी तिच्या देखत मोरीत ओतली. आमच्याकडे याला भांडण म्हणतात.

घरी जाऊन तिने विचार केला की आता पुढे काही येणारच नाही, म्हणजे मालिका पूर्णच झाली की! आणि नियमानुसार पिशवी उघडली. त्यानंतर दुकानात आली ती सुजलेले डोळे घेऊन.

"राणी दारापाशी पोचते गं. हात कडीवर असतो आणि पुस्तक संपतं!"

"हो."

"मग उघडते की नाही?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार."

मयताच्या घरी नेतात तसं तिने खिमा-बटाट्याचं हॉटडिश ओव्हनमध्ये भाजून घेतलं. तिचे गुडघे तसले, म्हणून गाडी मी चालवली. डेलने दार उघडलं, झाकलेलं भांडं पाहिलं आणि काय ते समजला.

"या, मिसेस किविस्तो."

ती बसलीसुद्धा नाही. "अरे बाळा, माझ्यापुरतं तरी सांग. दार उघडतं का? पुढे काय होतं?"

"मलाच माहीत नाही."

"असं कसं? गोष्ट तुझी ना?"

डेलने भांडं तिच्या हातातून घेतलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बसमध्ये तुम्ही रोज माझी अर्धीच गोष्ट ऐकायचात, मिसेस किविस्तो. शाळा आली की म्हणायचात, 'उतर आता, पुढचं उद्या.' तुम्ही उद्या विचारणार, म्हणून मला रात्री पुढचं सुचायचं."