भाता बंद, बोटं चालू

आमच्या जिल्ह्यातल्या संगीत शिक्षकांची एक संघटना आहे. ती काय करते असं कुणी विचारलं तर मी सांगते, पत्रक काढते. दर महिन्याला मोबाइलवर येणाऱ्या या पत्रकाचे दोन भाग असतात, ‘बातम्या’ आणि ‘संधी’. बातम्यांमध्ये कोण निवृत्त झालं, कोणाच्या मुलाला नोकरी लागली आणि कोणी कोणाला शाल पांघरली हे असतं. आमच्याकडे वर्षातले आठ महिने ऊन मी म्हणत असतं, तरी संघटनेच्या कृपेने एकाही पदाधिकाऱ्याचा खांदा उघडा राहिलेला नाही. संधींमध्ये मान्यवर येणार असतील तेव्हा स्वागतगीत म्हणण्याची संधी असते, परीक्षक म्हणून स्वतःच्या गाडीने जाण्याची संधी असते, आणि एकदा तर अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मंडपात खुर्च्या मांडायला हजर राहण्याची संधी होती. संगीताबद्दल एखादी ओळ सापडेल म्हणून मी हे पत्रक वर्षानुवर्षं शेवटपर्यंत वाचत आले. सापडली नाही.

मी परंडा तालुक्यातल्या एका शाळेत संगीत शिकवते. माहेर अणदूरचं. खंडोबाच्या देवळात कोण बेसूर गातंय हे मला सहाव्या वर्षी कळत होतं आणि मी ते मोठ्याने बोलूनही दाखवत होते. आईने त्याबद्दल मारलंय. कान देवाने दिला आणि जीभही त्यानेच दिली, पण जिभेला आवर घालायचं त्याच्याकडून राहून गेलं.

शाळेत माझा एक वाद्यवृंद आहे. दोन पेट्या, एक तबला, एक ढोलकी, झांजा आणि एक संबळ. संबळ वाजवणारा नववीतला मुलगा गोंधळ्यांच्या घरातला, त्याला मी काही शिकवलेलं नाही. फक्त थांबायचं कुठं ते सांगितलं. मुख्य पेटी आठवीतल्या एका मुलीकडे. तिच्या वडिलांचं बसस्थानकाजवळ पंक्चरचं दुकान आहे. ही पोरगी सूर असा धरायची की मी चालू वर्गात गप्प व्हायचे, आणि मला गप्प करणं सोपं नाही.

या वाद्यवृंदाला आठवड्याला दोन तास होते. गेल्या जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांची नजर त्या दोन तासांवर पडली. माणूस वाईट नाही. पण आमचं वाजायला लागलं की उठून कार्यालयाचं दार लावून घ्यायचा. एक दिवस मला बोलावून म्हणाले, “मॅडम, शिष्यवृत्तीच्या सरावाला तास कमी पडायलेत. तुमचे दोन द्या.”

मी भांडले. तबल्याचे बोल म्हणजे गणितच आहे, हेसुद्धा सांगून पाहिलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “बरं, असं करा. जिल्ह्याला कुठंतरी वाजवून दाखवा. वादनाचं प्रमाणपत्र आणा. संस्थेला दाखवायला माझ्याजवळ कागद पाहिजे. कागद आला की तास तुमचे.”

दोन तास गेले असते तर वाद्यवृंद गेला असता. शाळा सुटल्यावर मुलं थांबू शकत नव्हती, निम्म्यांची एसटी ठरलेली. म्हणजे सगळं त्या कागदावर आलं होतं.

आणि त्याच महिन्यात पत्रकात खरोखरची संधी आली. धाराशिवला संघटनेचं अधिवेशन, आणि त्यात ‘जिल्ह्याच्या इतिहासात प्रथमच’ वीस शाळांचा एकत्रित वाद्यवृंद. वीस शाळा एका सुरात एक धून वाजवणार, सहभागी शाळांना उत्कृष्ट वादनाचं प्रमाणपत्र. सोबत धुनेचं रेकॉर्डिंग. आपापल्या शाळेत बसवा, त्या दिवशी सकाळी थेट या. पट्टी ‘काळी एक’.

ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. तिथं ‘सा’ धरायचा. पण पेटीचा आवाज आत बसवलेल्या पितळी सुरांमधून येतो. ते जुने झाले, त्यांच्यावर धूळ बसली, की आवाज उतरतो. एखाद्या कारागिराने घासले की चढतो. त्यामुळे परंड्याची काळी एक आणि येरमाळ्याची काळी एक यांची गाठ पडलेलीच असते असं नाही. हे संगीत शिक्षकाला कळायला पाहिजे, कारण त्याला पगार त्यासाठीच मिळतो.

मी संघटनेच्या मोबाइल ग्रुपवर विचारलं, “सगळ्या पेट्यांचा सूर जुळवायचं काय ठरलं आहे?” त्यावर अकरा जणांनी हात जोडले. एकाने गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात म्हटलं. संध्याकाळी सचिवांचं उत्तर आलं: “मॅडम, पट्टी ठरलेली आहे. काळी एक. कृपया पत्रक नीट वाचावे.” हे गृहस्थ तीस वर्षं संगीत शिकवतात.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कागद पाहिजे होता ना.

दीड महिना मुलांनी जीव ओतला. अधिवेशनाच्या दिवशी सकाळी क्रूझर करून आम्ही बार्शीमार्गे धाराशिवला पोचलो. पेट्या मुलींच्या मांडीवर, संबळ त्या मुलाच्या छातीशी. मंडपात वीस शाळांची पोरं इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. सचिव पांढरा रुमाल हातात घेऊन व्यासपीठावर उभे. रंगीत तालमीला त्यांनी रुमाल हलवला आणि वीस शाळांच्या पेट्यांचे भाते एकदम उघडले.

तो आवाज कसा होता ते सांगायचं तर एसटीच्या जुन्या गाडीचे सगळे पत्रे एकदम थरथरावेत तसा. पहिल्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. कुणीतरी म्हणालं, “माइक खराब आहे.” नाचता येईना अंगण वाकडं. माइक बदलला. दुसरा माइकही तसाच बोलला.

मग शिक्षकांचं सुरू झालं. एकजण म्हणाले, माझी पेटी पुण्याहून आणलीय, ती चुकणार नाही. दुसरे म्हणाले, आमची निजामाच्या काळातली आहे, चुकायचं तर तुमच्या नव्यांनी चुकावं. तिसऱ्याने मोबाइलवर सूर मोजायचं यंत्र काढलं. ते त्याच्याच पेटीला खोटं ठरवायला लागलं तसं त्याने मोबाइल खिशात ठेवून दिला. आपली पेटी चढी आहे की उतरलेली, हे तपासून पाहावं असं एकालाही वाटलं नाही. प्रत्येकाची काळी एक खरी आणि उरलेल्या एकोणीस लबाड. एका ज्येष्ठांनी तर संघटनेची अधिकृत काळी एक ठरवण्यासाठी समिती नेमावी असं सुचवलं, आणि दोघांनी त्याला अनुमोदनही दिलं. मला इतकं हसू येत होतं की पदर तोंडात धरावा लागला. लाजही वाटत होती, कारण समोर पोरं बसली होती आणि त्यांना सगळं कळत होतं.

आमची मुख्य पेटीवाली माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, कुणाचीच कुणाशी जुळंना. आमी एकटेच वाजवू का?”

खरं तर तेच बरोबर होतं. एकेका शाळेने आपापलं वाजवावं, म्हणजे झालं. मी ते सचिवांना जाऊन सांगितलंही. ते म्हणाले, “पत्रिकेत एकत्रित छापलंय, मॅडम.”

शेवटी मार्ग काढला तो साउंडवाल्याने. संगीताशी काही संबंध नसलेला तो त्या मंडपातला एकमेव शहाणा. त्याने विचारलं, “सर, ते ग्रुपवर टाकलेलं रेकॉर्डिंग हाय का? पेनड्राइव्हवर द्या, लावतो की.”

सचिवांचा चेहरा उजळला. त्यांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, “सर्व विद्यार्थ्यांनी भाता बंद ठेवावा, बोटं चालू ठेवावीत. तालवाद्यांनी हात हवेत ठेवावेत. चेहरा प्रसन्न असावा.”

माझी सहा मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. संबळवाल्याने विचारलं, “हवेत म्हंजी, मॅडम? वाजवायचं न्हाय?”

मी त्यांना उठवून घेऊन जाऊ शकत होते. आत्ता लिहिताना ते सोपं वाटतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापकांचा चेहरा होता. मी खाली वाकले, पेटीच्या भात्याचा खटका स्वतःच्या हाताने लावला आणि म्हणाले, “सांगतात तसं करा.”

कार्यक्रम झाला. पाहुणे टाळ्या वाजवत होते, सचिव रुमाल हलवत होते, पेनड्राइव्ह वाजत होता. संबळवाल्याच्या काठ्या कातड्याच्या चार बोटं वर फिरत होत्या. त्याच्या घरात देवीपुढं संबळ वाजतो, त्याच्यासाठी हे काय असेल ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं. चेहरा प्रसन्न नव्हता. नंतर प्रमाणपत्र मिळालं: उत्कृष्ट वादनाबद्दल.

दुपारी परत निघालो. बार्शीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली चहाची टपरी होती, तिथं थांबलो. ऊन कलायला लागलं होतं. मी चहा घेत होते तेवढ्यात मागून पेटीचा आवाज आला. पेटीवाली चिंचेखाली मांडी घालून बसली होती. पाठोपाठ ढोलकी उतरली, दुसरी पेटी उतरली आणि मग संबळ. दीड महिना बसवलेलं सगळं त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. मला न विचारता, न चुकता, माझ्या इशाऱ्याशिवाय. टपरीवाल्याने स्टो बारीक केला. दोन मोटारसायकली थांबल्या. एक म्हातारे मुसलमान गृहस्थ गाडीवरून उतरून उभे राहिले आणि संपल्यावर म्हणाले, “बहोत खूब, बेटा. लई ग्वाड.” मला रडू आलं, आणि मी ते धुराचं निमित्त करून पुसलं. एवढं चांगलं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? आणि माझी जीभ सुटली. मी अख्खं अधिवेशन उभं केलं. सचिवांचा आवाज काढला, रुमाल हलवून दाखवला, निजामाच्या काळातली पेटी आणि पुण्याची पेटी यांचं भांडण लावलं, समितीचा ठराव मांडला. ‘भाता बंद, बोटं चालू’ म्हणत टेबलावर बोटं फिरवली. लोक पोट धरून हसत होते. विज्ञानाच्या सरांना ठसका लागला. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले होते, तेही डोळे पुसेपर्यंत हसले. ते हसतायत हे बघून मला आणखी चेव आला आणि मी रुमालाचा प्रसंग पुन्हा एकदा करून दाखवला. मग ऐटीत प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

चार दिवसांनी नवं वेळापत्रक लागलं. वाद्यवृंदाच्या दोन्ही तासांवर ‘शिष्यवृत्ती सराव’ लिहिलं होतं.

मी तरातरा कार्यालयात गेले. “सर, तुम्ही शब्द दिला होता. कागद आणला ना मी?”

त्यांनी खणातून प्रमाणपत्र काढून माझ्यापुढं ठेवलं. “वादनाचा कागद आणा म्हणलो होतो, मॅडम. ह्याच्यात वादन कुठं हाय? भाते बंद होते हे तुम्हीच सांगितलं की. उद्या संस्थेतल्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? सगळ्या स्टाफनं ऐकलंय.”

मी ते प्रमाणपत्र उचललं.

ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, “अन् खरं सांगू का? जिल्ह्याची संघटना पेनड्राइव्हवर भागवती, तर सव्वीस जानेवारीला आपलं बी भागंल. राग मानू नका.”

राग मानायला मला जागाच नव्हती. प्रत्येक शब्द माझाच होता, त्यांनी फक्त परत केला. सचिवांना पट्टी कळत नाही म्हणून मी चार दिवस मिरवत होते. कुठं काय बोलावं हे मला तरी कुठं कळत होतं?

मुलांना सांगणं भाग होतं. शेवटच्या तासाला वाद्यं कपाटात ठेवताना सांगितलं. संबळवाल्याने संबळ कपाटात सगळ्यात मागे सरकवून ठेवला. बाकीची मुलं दप्तरं घेऊन एसटीसाठी पळाली. पेटीवाली मात्र कपाटापाशी थांबली.

“मॅडम, सरांना वाटतंय का, आमी बी नुसती बोटंच फिरवतो?”

“नाही गं. तसं नाही.”

“मग तुमी सांगितलं का त्यांना? आमी खरं वाजवतो म्हणून?”

मी कपाटाचं कुलूप लावत राहिले. रुमाल सांगितला होता, समिती सांगितली होती, पुण्याची पेटी सांगितली होती, हवेतल्या काठ्यासुद्धा हसत हसत करून दाखवल्या होत्या. चिंचेखालचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.